हाय बॉनेट जीपला पुढचे डिस्क ब्रेक : मुलुंडमधल्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

भाऊबीज झाली, पाऊस गेला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी मागच्या भिंतीलगतची जागा दोन महिन्यांसाठी वापरायला दिली. आज मामाची जीप तिथे ढकलत नेली आणि पुढून लोखंडी घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवली.

गाडी १९७४ची महिंद्रा सीजे ३बी, आपल्याकडे जिला हाय बॉनेट म्हणतात ती. विलीजने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. २१९९ सीसीचं ते पेट्रोल इंजिन आमच्या गाडीत अजून मूळचंच आहे. ब्रेक चारही चाकांना नऊ इंची ड्रम. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा) एकच, तोही ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूला. एक पाइप कुठेही फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

हे काम काढायचं कारण जुलैत घडलं. घोडबंदर रोडला चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाणी होतं, त्यातून गाडी काढली आणि गायमुखच्या उतारावर मामाने ब्रेक दाबला. पेडल कडक होतं, गाडी मात्र कमी होईना. ड्रममध्ये पाणी शिरलं की ड्रमला आतून दाबणारे शू नुसते ओल्या लोखंडावर घसरत राहतात. मामाने गिअर खाली टाकला आणि हँडब्रेक ओढला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागच्या शाफ्टवर असतो, म्हणून तो कोरडा होता आणि त्यानेच गाडी धरली. पुढच्या टँकरपासून आम्ही हातभर अंतरावर थांबलो. मामा अडुसष्ट वर्षांचा आहे. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

आधीची मोजणी लिहून ठेवते. सपाट कोरडा रस्ता, फोनच्या जीपीएसवर ४० किमी वेग, खडूची रेघ. तीन वेळा थांबवली : १७, १६ आणि १८ मीटर. तिन्ही वेळा डावीकडे ओढली.

पर्याय तीन होते. मोठे ड्रम बसवायचे, नव्या गाडीचा अख्खा पुढचा अ‍ॅक्सल घालायचा, किंवा मूळ अ‍ॅक्सल ठेवून त्यावर मारुती जिप्सीच्या डिस्क आणि कॅलिपर (पॅडने डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा पंजा) बसवायचे. तिसरा घेतला. जीप आणि जिप्सी दोघींच्या चाकाला पाच स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) असतात आणि स्टडचं वर्तुळही एकच, साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी. चाकं बदलावी लागत नाहीत.

एक अट मी आणि मामाने आधीच ठरवली : मूळ गाडीवर वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग पेटीत जपून ठेवायचा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि त्यासाठी चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. उद्या ती नोंदणी करायची ठरली तर गाडी एका दिवसात ड्रमवर परत नेता आली पाहिजे.

१० नोव्हेंबर, रविवार

सगळं उघडायला सकाळचे चार तास लागतील असं वाटलं होतं, संध्याकाळचे सात वाजले.

पहिली चूक चाकाच्या नटाला. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. मामा मला सांगणार तेवढ्यात मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले आणि स्टड तुटला. डाव्या चाकाचा नट सैल करायचा तर पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेला असतो. आमच्याकडे तो गंज आणि रंगाखाली दडला होता. तारेचा ब्रश मारून आधी बघा.

ड्रम काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आम्ही साबणाच्या पाण्याने भिजवून, फडक्याने पुसून, फडकी पिशवीत बांधली.

आत जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगते. उजव्या बाजूचं हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) ऑइल सील गेलेलं आणि दोन्ही शू ग्रीसने माखलेले. गाडी डावीकडे का ओढत होती ते तिथेच कळलं : उजवं चाक ब्रेक लावतच नव्हतं. ते शू आणि सील बदलले असते तर कोरड्या रस्त्यावर ड्रमनेही गाडी बरी थांबली असती. तुम्ही या कामाचा विचार करत असाल तर आधी ड्रम उघडून बघा, कदाचित दोन हजारांत भागेल. आमचा प्रश्न पाण्याचा आणि एकाच सर्किटचा होता, म्हणून पुढे गेलो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कुर्ल्याच्या भंगार बाजारात सकाळभर फिरले. जिप्सीच्या कॅलिपरची जोडी ३,२०० रुपयांना मिळाली. कॅलिपर घेताना मी दोन गोष्टी पाहिल्या : ब्लीडर निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा) पान्याने हलतो का, आणि स्लाइड पिना हाताने सरकतात का. पहिल्या तीन जोड्यांचे निप्पल गंजून जाम झाले होते. निप्पल तुटला की कॅलिपर गेलाच समजा.

त्यांच्याबरोबर डिस्कही देत होते. व्हर्निअर लावला तर एक ८.३ मिमी, दुसरी ८.६. जिप्सीची डिस्क नवी असताना १० मिमी असते आणि ८.५च्या खाली वापरायची नसते. नको म्हटलं. दुपारी चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारातून नवी जोडी घेतली, ३,६०० रुपये. पॅड १,१००. कॅलिपरची सील किट दोन, ७०० रुपये.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. मत देऊन आल्यावर दिवसभर कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचा पुठ्ठ्याचा नमुना केला. जुन्या ब्रेक प्लेटची सहा बोल्टची भोकं आणि मधलं मोठं भोक गिरवून घेतलं, कॅलिपर डिस्कवर ठेवून त्याच्या दोन बोल्टच्या जागा घेतल्या. नमुना चार वेळा फाडला. मिसळीच्या पार्सलबरोबर आलेला पुठ्ठा सगळ्यात टणक निघाला, त्याचाच शेवटचा नमुना झाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

एक हब गेला. यात कोणाला दोष देत नाही, सांगायचं काम माझं होतं.

जीपच्या हबमध्ये ड्रम आणि हब स्टडनेच एकत्र धरलेले असतात. स्टड आत ठोकल्यावर त्याची कड भोकाभोवती फुलवलेली असते, म्हणजे स्टडला स्वतःचीच कॉलर तयार होते. ती कड आधी कटरने छिलून काढायची आणि मग स्टड दाबून बाहेर काढायचा. भांडुपच्या गाळ्यात मी हब देऊन चहा प्यायला गेले. तिथल्या पोराने हायड्रॉलिक प्रेस लावून थेट दाबलं. फुललेली कड भोकातून जबरदस्तीने बाहेर आली आणि डाव्या हबची दोन भोकं मोठी झाली. नवा स्टड त्यात हाताने फिरतो.

लेथवाले काका आले, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “ताई, हे चाक आहे. यात मी बुशिंग मारून देणार नाही.” बरोबरच होतं. दुसरा हब शोधायला आठवडा गेला आणि १,८०० रुपये. उजव्या हबचे स्टड काकांनी स्वतः काढले, आधी कड छिलून, एकेक.

३० नोव्हेंबर, शनिवार

दोन्ही हब लेथवर. जिप्सीची डिस्क टोपीसारखी असते आणि हबच्या तोंडावर बाहेरून बसते. टोपीच्या आतल्या मापाला हबची गोलाई उतरवून घेतली, म्हणजे डिस्क मधोमध बसते, स्टडच्या भरवशावर लटकत नाही. मजुरी १,५००.

स्टडबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. डिस्कच्या टोपीची जाडी स्टडचीच लांबी खाते. जुन्या लांबीच्या स्टडवर रिम ठेवल्यावर नट पाचच आटे चढत होता. अर्ध्या इंची स्टडवर नट निदान दहा आटे चढायला हवा. नागदेवी स्ट्रीटवर अर्धा दिवस घालवून लांब स्टड मिळवले, दहा नगांचे ९००. सगळे सुलट्या आट्यांचे. त्यामुळे आता गाडीच्या फक्त मागच्या डाव्या चाकाला उलटे आटे राहिले. त्या पाच नटांना लाल रंग दिला. पंक्चरवाला आपल्यासारखाच पान्यावर पाय देतो.

संध्याकाळी डायल गेज लावलं. डिस्क ०.२२ मिमी डगमगत होती, जे चालणार नाही; पेडल पायाखाली थरथरतं. डिस्क काढून बघितली तर नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल आणि त्यात अडकलेली लेथची बारीक चूर. पेट्रोलने पुसून परत बसवली : ०.०६. दुसरी बाजू ०.०५.

७ डिसेंबर, शनिवार

ब्रॅकेट आले. १२ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, लेझर कटिंग, कडा साफ. हातात घेतल्यावरच भक्कम वाटत होते. मटेरियल आणि कटिंग मिळून २,२००.

जुनी ब्रेक प्लेट काढली, तिच्या जागी ब्रॅकेट, वर स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी), सहा बोल्ट आवळले. हब चढवला, बेअरिंगचे नट आवळले, ड्राइव्ह फ्लँज (अ‍ॅक्सलची ताकद हबला देणारी चकती) घातला. मग अ‍ॅक्सलच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) घालायला गेले आणि खाच दिसेना.

खाच फ्लँजच्या आत बुडाली होती. मी अ‍ॅक्सल पुढे ओढला, मामाने आतून ढकलला, पोपटपान्याने धरून खेचला. सर्क्लिप पक्कडीत धरून अर्धा तास झगडले. मग मामा म्हणाला, “अगं, थांब. जुनी प्लेट आण.” त्याने जुन्या ब्रेक प्लेटची जाडी व्हर्निअरवर घेतली आणि व्हर्निअर तसाच माझ्या हातात दिला. तीन मिलिमीटर.

नऊ मिलिमीटर! स्पिंडल नऊ मिलिमीटर बाहेर आलं, त्याच्याबरोबर हब, त्याच्याबरोबर फ्लँज. अ‍ॅक्सल मात्र आपल्या जागी. नुसती सर्क्लिपच नाही, फ्लँजच्या दातांत अ‍ॅक्सलचे दातही नऊ मिलिमीटर कमी अडकत होते. फोर व्हील ड्राइव्ह लावून चिखलात जोर दिला असता तर ते दात झडले असते. अख्खा दिवस मी पुठ्ठ्यावर भोकांच्या जागा मोजत बसले होते. पुठ्ठ्याला जाडी नसते, आणि माझ्याही डोक्यात जाडी आलीच नाही.

८ डिसेंबर, रविवार

काकांशी बोलले. उपाय असा : प्लेट १२ मिमीचीच ठेवायची, पण स्पिंडलचा फ्लँज जिथे बसतो तेवढा गोल भाग आत खोदायचा, म्हणजे तिथे फक्त ४ मिमी उरेल आणि स्पिंडल त्या खड्ड्यात बसेल. कॅलिपरचा ओढा प्लेटला वर्तुळाच्या दिशेने असतो, आणि ते ४ मिमी सहा बोल्टखाली नकल (चाक वळवणारा सांधा) आणि स्पिंडल यांच्यात घट्ट दाबलेले असतात. उरलेला एक मिलिमीटर ड्राइव्ह फ्लँजखालच्या शिममध्ये (पातळ पत्र्याच्या चकत्यांत) सामावतो. बोल्टही तेवढेच लांब हवेत, ८.८ ग्रेडचे नवे घेतले.

जुन्या ब्रॅकेटमध्येच खड्डा करता आला असता, पण पुढची नोंद वाचा.

१५ डिसेंबर, रविवार

नवे ब्रॅकेट, खड्ड्यासह, ४,००० रुपये. सर्क्लिप बोटाने टक्कन बसली.

जुने ब्रॅकेट का वाया गेले : मी कॅलिपरची जागा चाकं सरळ असताना ठरवली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कॅलिपर टाय रॉडच्या (स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याच्या) टोकाला अडत होता. नव्या ब्रॅकेटमध्ये कॅलिपर अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या अंगाला घेतला. तसं केलं की आणखी एक गोष्ट बदलते. कॅलिपर अर्धा फेरा फिरून पलीकडे गेला की त्याचा ब्लीडर निप्पल वरून खाली येतो, आणि हवा नेहमी वर साठते. निप्पल खाली असेल तर दहा बाटल्या ब्रेक ऑइल ओता, हवा निघायची नाही. त्यामुळे डाव्या चाकाचा कॅलिपर उजव्या चाकाला आणि उजव्याचा डाव्याला. ही गोष्ट गाळ्यात एका रिक्षा मेकॅनिकने सांगितली, माझी नाही.

मागचे पुढचे सगळे बेअरिंग आणि सील याच वेळी नवे घातले. २,३००. हबचं सील स्वस्तातलं घेऊ नका. डिस्कवर ग्रीस आलं की पॅड फेकून द्यावे लागतात.

२२ डिसेंबर, रविवार

पाइप. या कामात सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे, आणि नवख्या माणसाला ती सोपी वाटते.

जवळच्या दुकानात ब्रेकचा पाइप मागितला तर तांब्याचा दिला. वाकवायला सोपा, टोकाचा भोंगाही (जोडासाठी फुलवलेलं तोंड) पटकन होतो. ७०० रुपयांचा घेतलाही. तांबं मात्र थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस भोंग्याच्या मानेशी तडकतं. एसीच्या कामाला ठीक, ब्रेकला नाही. तो बाजूला ठेवला आणि स्टीलचा पाव इंचाहून बारीक, ४.७५ मिमीचा ब्रेक पाइप आणला. भोंगा दुहेरी दुमडीचा करून घेतला.

आता आटे. जीपचे पाइप नट इंची मापाचे, तीन अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे. जिप्सीचे मिलिमीटरचे, १० मिमी, एक मिमीच्या अंतराने. इंचाला २४ आटे म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जीपचा नट मी जिप्सीच्या तोंडात घातला तर तो बोटांनी गेला, छान फिरला, पान्याने आवळल्यावर घट्टही झाला. मग थोडा आणखी आवळला आणि एकदम मऊ पडला. अर्ध्या मिलिमीटरने बारीक नट नुसता आट्यांच्या टोकांवर लटकत होता. बाहेर काढला तेव्हा आट्यांत पितळेची चकचकीत सळी गुंडाळून आली.

हे हवा काढून झाल्यावर, रस्त्यावर, ब्रेक दाबताना झालं असतं. प्रत्येक जोड नागदेवीतून आणलेल्या अ‍ॅडॉप्टरने केला, आणि प्रत्येक नट लावण्याआधी आट्यांचं गेज लावलं. गेज तेव्हा दीडशे रुपयांना मिळत होतं. पाइप, नट, अ‍ॅडॉप्टर मिळून २,४००. दोन रबरी होज ९००.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. पैसे वाचवायला जुनाच मास्टर सिलिंडर ठेवून गाडी आधी चालवून बघायची ठरवलं. ते करायला नको होतं.

हवा निघाली, पेडल वर आलं, दगडासारखं कडक. सोसायटीच्या गेटपर्यंत गेले तर थांबवायला दोन्ही पाय लावावे असं वाटलं. शिवाय पेडल सोडल्यावर गाडी मोकळी होईना. दोन किलोमीटरवर पॅडचा वास आला. डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले, ते उडाले.

दोन्ही दोष जुन्या मास्टरचे. ड्रमच्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये दहाएक पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप फुललेले राहतात आणि हवा शिरत नाही. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते, म्हणून तेवढा दाब चालतो. कॅलिपरला स्प्रिंग नसते, तिथे तेवढा दाब पॅड डिस्कला चिकटवून ठेवतो.

कडकपणाचं गणित सोपं आहे. जुन्या मास्टरचा बोअर एक इंच, क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेंमी. तेरा षोडशांश इंचाचा घेतला तर ३.३५. त्याच पायाच्या जोराला दाब दीडपट मिळतो, आणि पेडलही दीडपट जास्त खाली जातं. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) मला लावायचा नव्हता, फायरवॉलला (इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या पत्र्याला) भोकं पाडावी लागली असती. म्हणून लहान बोअर.

२९ डिसेंबर, रविवार

तेरा षोडशांश बोअरचा टँडम मास्टर, २,७००. पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक फुटलं तरी दुसरं राहतं. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, डिस्कपेक्षाही. दुकानात एकच प्रश्न विचारायचा : दाब राखणारा व्हॉल्व्ह कोणत्या तोंडात आहे? आम्हाला मागच्या ड्रमच्या तोंडात हवा होता आणि पुढच्या डिस्कच्या तोंडात नको होता, तसाच मिळाला. जुन्या भोकांवर बसवायला पट्टी करून घेतली, ६०० रुपये.

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल घातलं. कोरडं असताना ते २३० अंशांना उकळतं, डॉट ३ २०५ अंशांना. ओल शोषल्यावर मात्र डॉट ४ सुद्धा १५५वर येतं, आणि मुंबईच्या हवेत उघडी बाटली आठवडाभर ठेवली तरी ते ओल शोषतं. उरलेलं पुढच्या वर्षी वापरायचा मोह नको. एकूण चार बाटल्या लागल्या, ९०० रुपये.

संध्याकाळी पेडल उत्तम. आनंदाने घरी गेलो.

३० डिसेंबर, सोमवार

सकाळी कामावर जाण्याआधी पेडल दाबलं, अर्ध्याच्या खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, वर आलं. गळती कुठेच नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आठवडाभर रोज सकाळी हेच. पहिलं पेडल खाली, दुसरं वर. दोनदा परत हवा काढली, हवा नव्हतीच.

कारण शेवटी लेव्हल लावल्यावर सापडलं. फ्लोअरखालचा मास्टर कॅलिपरपेक्षा खाली आहे. रात्रभरात ऑइल कॅलिपरमधून हळूहळू मास्टरच्या टाकीकडे उतरतं आणि पिस्टन किंचित आत सरकतात. फायरवॉलवर मास्टर असणाऱ्या गाड्यांना हा त्रास नसतो. पुढच्या लाइनमध्ये दोन पीएसआयचा व्हॉल्व्ह लावणं हा एक उपाय. आम्ही दुसरा केला : मास्टरवरची टाकी काढली, तिथे दोन निप्पल बसवले आणि दोन कप्प्यांची टाकी वर, बॅटरीच्या वरच्या उंचीवर, आधीच्याच एका बोल्टवर टांगली. टाकी भंगारातली, होजसह ४५०. ब्रेक ऑइलचाच रबरी होज घ्या, पेट्रोलचा फुगतो. आता सगळ्यात वरची जागा टाकीची, ऑइल खाली उतरायला जागाच नाही. दुसरा फायदा, ऑइलची पातळी बघायला फ्लोअरवरचं झाकण उघडावं लागत नाही.

१२ जानेवारी, रविवार

पहिलं पेडल वर. सहा दिवस सलग.

पॅड बसवण्यासाठी ५०वरून १०पर्यंत बारा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होऊ देत. मग कोरड्या वाळूच्या रस्त्यावर जोराने थांबवली आणि गाडीची मागची बाजू आडवी झाली. दीडपट दाब मागच्या ड्रमनाही मिळतोय, आणि ब्रेक लावताना वजन पुढे जातं, म्हणून मागची चाकं आधी जाम होतात. मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा, हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह लावला, २,६००. पाव पाव फेरा फिरवत गेलो, पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम व्हायला लागल्यावर थांबलो. रिकाम्या गाडीत सेट केलाय.

उजवीकडे पूर्ण वळवल्यावर होज टायरला घासत होता. क्लिपची जागा बदलली. पुढच्या उजव्या रिममधून टकटक आवाज येत होता. आतल्या बाजूचं बॅलन्सिंगचं शिसं कॅलिपरला लागत होतं. बाहेरून चिकटवायचं लावून घेतलं.

२६ जानेवारी, रविवार

तीच खडूची रेघ, ४० किमी. १०, ९.५, १०. सरळ रेषेत. पेडलला जोर लागतो, बूस्टरच्या गाडीतून उतरून कोणी बसला तर त्याला जड वाटेल. मामाला नाही वाटत.

दुपारी कसारा घाट, खाली उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात. पायथ्याशी डिस्क गरम होत्या, पेडल होतं तिथेच होतं.

खर्च एकूण ३२,५५०. त्यात हब, पहिले ब्रॅकेट आणि तांब्याचा पाइप मिळून ४,७०० वाया गेले. वेळ अडीच महिने, त्यातला निदान एक महिना माझ्या चुकांचा.

१ जून, रविवार

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत आला. आज पहाटे घोडबंदरला रस्त्यावर पाणी होतं. मामाने स्टिअरिंग मागितलं. पाण्यातून काढली, बाहेर येऊन त्याने डाव्या पायाने क्लच धरला आणि उजव्याने ब्रेक हलका दाबून सोडला, दोनदा, डिस्क पुसल्यासारखा. गायमुखच्या उतारावर पूर्ण दाबला. गाडी बसल्यासारखी थांबली.

मागे कोणी नव्हतं. तो तसाच थोडा वेळ थांबून राहिला, मग म्हणाला, “चल, चहा घेऊ.”

घरी येऊन पुढची चाकं काढली. डिस्कवर गंजाचा पातळ थर, दोन ब्रेकमध्ये जाणारा. स्लाइड पिना काढून पाणी पुसलं, नवं ग्रीस लावलं. पॅड नवे असताना मोजायला विसरले होते, म्हणून आजचं माप इथे लिहून ठेवते : उजवे ८.१, डावे ८.२. टाकीतली पातळी वरच्या खुणेवर.